आकडा वाढला म्हणून केमो?

अंडाशयाच्या कर्करोगाची केमो संपली तरी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं असतं. सीए-१२५ या रक्तातल्या प्रथिनाचा रिपोर्ट हाती येईपर्यंत घरात कुणाचं कशात लक्ष लागत नाही. आकडा ३५च्या आत असला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

हे प्रथिन फक्त कर्करोगात वाढतं असं नाही. पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटाच्या क्षयातही वाढतं, आणि क्षय आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. पण एकदा निदान झालं की आकडा उपयोगाचा ठरतो. केमो लागू पडतेय का ते त्यावरून कळतं, आणि रोग उलटायचा असेल तर त्रास सुरू होण्याच्या काही महिने आधीच तो चढू लागतो. मग चढला की लगेच केमो द्यावी, हे कुणालाही पटेल.

ब्रिटनच्या गॉर्डन रस्टिन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासून पाहिलं. पहिल्या उपचारांनंतर रोगाचा मागमूस न उरलेल्या १,४४२ स्त्रिया अभ्यासात होत्या. दर तीन महिन्यांनी तपासणी व्हायची, पण निकाल ना त्यांना कळायचा ना त्यांच्या डॉक्टरांना. आकडा कमाल मर्यादेच्या दुपटीपुढे गेलेल्या ५२९ जणींचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला निकाल सांगून लगेच केमो दिली. दुसऱ्या गटात लक्षणं दिसेपर्यंत थांबले.

पहिल्या गटाची केमो जवळपास पाच महिने आधी सुरू झाली. आयुष्य किती मिळालं? लगेच केमो घेतलेल्यांपैकी निम्म्या जणी २५.७ महिन्यांहून जास्त जगल्या, थांबलेल्यांपैकी निम्म्या २७.१ महिन्यांहून. म्हणजे फरक नाहीच. उलट लवकर केमो घेतलेल्यांची तब्येतही लवकर ढासळली. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. मला त्या पाच महिन्यांचं मोल फार वाटतं: सलाईन नाही, मळमळ नाही, स्वतःच्या घरातले पाच महिने.

स्तनाच्या कर्करोगातही असंच दिसलं. अमेरिकेतल्या एका चाचणीत, केमोच्या पहिल्या फेरीनंतरही रक्तात कर्करोगाच्या पेशी जास्तच राहिल्या तर औषध बदललं. आयुष्य वाढलं नाही. रोग कुणाचा जहाल आहे हे पेशींच्या संख्येने अचूक सांगितलं होतं, पण बदलून दिलेली केमोही पहिल्यासारखीच तोकडी पडली.

रस्टिन यांच्या अभ्यासानंतर पार्प (पेशींतला डीएनए दुरुस्त करणारं प्रथिन) रोखणारी औषधं आली. निवडक रुग्णांना दुसऱ्या शस्त्रक्रियेचा फायदा होतो हेही दिसलं, आणि त्यांच्यासाठी रोग लवकर कळणं मोलाचं ठरू शकतं. म्हणून तपासणी स्वतःहून बंद करू नका. पुढच्या वेळी रक्त देण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारून ठेवा: ‘आकडा वाढला, पण मला काहीच त्रास नसला, तर तुम्ही काय कराल?’