गालांतील इम्प्लांट : निर्णय घेण्यापूर्वी वाचावे असे काही

चाळिशीनंतर चेहरा थकलेला दिसू लागला की बहुतेकांचे लक्ष प्रथम सुरकुत्यांकडे जाते. प्रत्यक्षात मोठा बदल त्वचेखाली झालेला असतो. गालाच्या वरच्या भागातील चरबी कमी होते व खाली सरकते, वरच्या जबड्याचे हाडही वयानुसार थोडे झिजते आणि आधार गेल्यामुळे नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते. अशा वेळी त्वचा नुसती ताणून घेतली, तर चेहरा तरुण न दिसता ओढल्यासारखा दिसतो. गालातील इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने त्वचेखाली बसवलेला कृत्रिम तुकडा, हा गेलेला आधार भरून काढतो. सैल त्वचा मात्र त्याने घट्ट होत नाही, आणि ज्यांचे गाल मुळातच भरलेले आहेत त्यांना आम्ही ही शस्त्रक्रिया सुचवत नाही.

नैसर्गिक दिसणे हे इम्प्लांट कोठे बसवला आणि केवढा निवडला यावर ठरते. गालाचे हाडच सपाट असेल तर तो हाडावर बसतो. हाड ठळक असून त्याखाली खळगा पडला असेल तर त्या खालच्या भागात बसतो. दुसऱ्या प्रकारच्या चेहऱ्यात हाडावरच भर घातली, तर खळगा अधिकच उठून दिसतो. दोन आकारांमध्ये शंका असेल तेव्हा लहान आकार घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्या भेटीला येताना कृपया सिनेतारकेचा फोटो आणू नये. स्वतःचा पंचविशी-तिशीतला, शक्यतो समोरून व बाजूने काढलेला फोटो आणावा. लग्नाच्या अल्बममध्ये असे फोटो हमखास सापडतात, आणि आपल्या गालांचा मूळ आकार आम्हाला त्यांतून कळतो. प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या दोन बाजूंत थोडा फरक असतोच. तो आम्ही आधीच दाखवून देतो, कारण शस्त्रक्रियेनंतर तो पूर्णपणे नाहीसा होईल असे नाही.

इम्प्लांट बहुधा घन सिलिकॉनचा असतो. तो जेल नसल्यामुळे गळण्याचा प्रश्न येत नाही. सच्छिद्र पॉलिएथिलीनचा इम्प्लांट ऊती आत वाढल्यामुळे जागेवर पक्का बसतो, पण त्याच कारणाने पुढे काढणे अवघड जाते. वरच्या ओठाच्या आत, हिरडीच्या वर छेद घेऊन हाडालगत छोटी पोकळी तयार केली जाते व इम्प्लांट तिच्यात बसवला जातो, त्यामुळे बाहेर व्रण राहत नाही. पूर्ण भूल द्यावी की गुंगीचे औषध देऊन तेवढाच भाग बधिर करावा, हे भूलतज्ज्ञ आपल्या तपासण्या पाहून ठरवतात.

डोळ्याच्या खोबणीखालून एक संवेदी नस गालात येते. शस्त्रक्रियेत ती ताणली गेल्यास गाल, नाकाची कड व वरचा ओठ काही आठवडे बधिर राहू शकतो. क्वचित ही बधिरता कायमची राहते. रक्तस्राव होणे किंवा इम्प्लांट सरकणे, हेही संभवते. सर्वांत गंभीर बाब जंतुसंसर्गाची आहे, कारण जंतू इम्प्लांटच्या पृष्ठभागावर थर धरून बसले की केवळ औषधांनी भागत नाही आणि तो काढावा लागू शकतो. छेद तोंडातच असल्यामुळे किडलेला दात किंवा सुजलेली हिरडी यांवर आधी उपचार झालेच पाहिजेत.

याच कारणासाठी तंबाखूविषयी आम्ही आग्रही आहोत. मिश्री थेट हिरडीवर, म्हणजे छेदाच्या अगदी शेजारी लावली जाते, आणि ती लावणाऱ्या भगिनी "मी तंबाखू खात नाही" असे प्रामाणिकपणे सांगतात. मिश्री, गुटखा, सिगारेट यांपैकी काहीही असो, ते शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद हवे. गुटख्यामुळे तोंड कमी उघडत असेल तर तेही सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास अवश्य कळवावे, परंतु त्या स्वतःहून बंद करू नयेत.

पहिले काही दिवस मऊभात, गार केलेले वरण, ताक असा आहार असावा आणि प्रत्येक खाण्यानंतर सांगितलेल्या औषधाने चूळ भरावी. तर्रीची मिसळ जखमेला झोंबते आणि चिवड्याचे कण टाक्यांत अडकतात, त्यामुळे नाशिककरांना जड गेले तरी दोन्ही गोष्टी छेद भरून येईपर्यंत वर्ज्य समजाव्यात. डोके उंच ठेवून झोपावे. बरीचशी सूज दोन-तीन आठवड्यांत उतरते, मात्र अंतिम आकार दिसायला काही महिने लागतात. म्हणून घरात लग्नकार्य असेल तर तारीख त्या हिशेबाने ठरवावी. ताप, एकाच बाजूला वाढती सूज किंवा तोंडात पू जाणवल्यास त्याच दिवशी संपर्क साधावा.

मन पक्के होत नसेल, तर आधी हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर, म्हणजे गालात इंजेक्शनने भरायचे जेल, घेऊन पाहणे आम्हाला योग्य वाटते. ते काही महिन्यांनी विरते, नको वाटल्यास इंजेक्शनने विरघळवताही येते, आणि भरलेला गाल आपल्याला शोभतो की नाही हे घरच्या आरशात निवांत पाहता येते. स्वतःच्या पोटाची किंवा मांडीची चरबी गालात भरणे हा आणखी एक मार्ग आहे. तिचा काही भाग शरीरात शोषला जातो, त्यामुळे कधी कधी पुन्हा भरावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर इम्प्लांटचा प्रकार, आकार व बॅच क्रमांक असलेले कार्ड आपल्याला दिले जाईल. ते जपून ठेवावे, आणि पुढे वरच्या दातांवर कोणतेही उपचार घेताना दंतवैद्यांना आवर्जून दाखवावे.