जर्मन हातबॉम्बच्या दांड्यावरचा मूळ लेप

१९१५ साली जर्मन सैन्याने खंदकांतल्या लढाईसाठी लांब लाकडी दांड्याचा हातबॉम्ब वापरात आणला. बटाटे चेचण्याच्या साधनासारखा दिसतो म्हणून ब्रिटिश शिपायांनी त्याला तेच नाव दिले. १९२४ सालची सुधारित आवृत्ती सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीची होती आणि दुसऱ्या महायुद्धात तीच सर्वाधिक ओळखीची झाली. स्फोटके काढून निकामी केलेले असे नमुने आज संग्रहालयांत ठेवलेले आढळतात. पाहणाऱ्याचे लक्ष पत्र्याच्या डोक्याकडे जाते, पण वस्तूच्या अस्सलपणाबद्दल लाकडी दांडाच अधिक सांगतो.

हा दांडा लेथवर कातलेला आणि आतून आरपार पोकळ असतो. त्या पोकळीतून ओढण्याची दोरी जाते, दोरीच्या टोकाला चिनी मातीचा मणी असतो आणि तळाला धातूचे फिरकीचे टोपण. दमट हवेत लाकूड फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, त्यामुळे धातूशी जोडलेल्या लाकडाला ओलाव्यापासून थोडे तरी जपावे लागते. उलट, एकदाच फेकायच्या वस्तूवर गुळगुळीत, चकचकीत पॉलिशचे थर चढवण्यात कोणाचाच फायदा नव्हता. ओल्या हातातून ती निसटली असती. म्हणून आरशासारखा चकाकणारा दांडा पाहिला की जाणकाराला आनंदापेक्षा शंकाच आधी येते.

अशा कामाच्या लाकडावर युरोपात सर्वत्र वापरले गेलेले द्रव्य म्हणजे अळशीचे तेल. आपल्याकडे क्रिकेटच्या बॅटला लावतात तेच, आणि विदर्भातल्या चटणीतल्या जवसाचेच. ते ‘वाळते’ असे आपण म्हणतो, पण पाण्यासारखे उडून जात नाही. त्यातील लिनोलेनिक आम्लाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना जोडले जातात आणि तेलाचे जाळीदार घन पदार्थात रूपांतर होते. या क्रियेत त्याचे वजन घटण्याऐवजी वाढते. तिच्यातून उष्णताही निर्माण होते, म्हणूनच तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून टाकली तर ती आपोआप पेटू शकते.

अनेक दशकांनंतर हे जाळे पिवळसर तपकिरी होते. त्याखालच्या लाकडातही बदल होतात, कारण लाकडातील लिग्निन, म्हणजे तंतूंना एकत्र बांधणारे द्रव्य, अतिनील किरण शोषून तुटत जाते आणि पृष्ठभागाचा रंग गडद होतो. हा बदल प्रकाश पडतो तेथेच होत असल्याने टोपणाच्या कडेखाली झाकलेला भाग उघड्या भागापेक्षा फिकट असायला हवा. चहाच्या पाण्याने किंवा बुटाच्या पॉलिशने ‘जुना’ केलेला दांडा नेमका येथे फसतो, कारण रंग फासणाऱ्याचा ब्रश कडेखालीही फिरलेला असतो. अर्थात, वस्तू निकामी असल्याची तज्ज्ञांनी खात्री केली नसेल तर टोपणाला हात लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अशा वेळी पोलिसांना कळवावे.

लेप ओळखण्याच्या चाचण्या फार अवघड नाहीत. चपडा लाख, म्हणजे मुख्यतः भारतातल्या जंगलांतून गोळा होणारा लाखेच्या किड्याचा स्राव, अतिनील दिव्याखाली नारिंगी चमकते आणि स्पिरिटच्या बोळ्याने विरघळते. पूर्ण वाळलेले अळशीचे तेल स्पिरिटला दाद देत नाही. नेमके उत्तर हवे असेल तर प्रयोगशाळेत अवरक्त वर्णपटाने रेणूंचे बंध तपासतात, आणि तेल लवकर वाळावे म्हणून मिसळलेले शिसे किंवा मँगनीज क्ष-किरणांनी ओळखतात.

दांड्यावर ठोकलेले शिक्केही उपयोगी पडतात. पहिल्या महायुद्धातल्या काही दांड्यांवर वात जळण्याचा साडेपाच सेकंदांचा अवधी जर्मनमध्ये उमटवलेला असतो. शिक्का ठोकताना तंतू दाबले जातात आणि खाचेच्या कडा ठसठशीत उठतात. कडा बोथट आणि खाच उथळ झाली असेल तर दांड्यावरून नंतर सँडपेपर फिरला आहे, असे मानायला जागा असते. मूळ लेप त्याच वेळी भुशाबरोबर उडून गेलेला असतो आणि त्यावर लावलेले ताजे तेल कितीही शुद्ध असले तरी त्याचे वय आजचेच.

एक खूण मात्र सँडपेपरलाही सहज पुसता येत नाही. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडून सालीच्या दिशेने आकसते. त्यामुळे लेथवर अचूक गोल कातलेला दांडा पुढे वाळत गेला की किंचित लांबट वर्तुळाचा होतो. व्हर्निअर कॅलिपरने एकाच जागी आडवे-उभे माप घेतले, तर दोन आकड्यांत मिलिमीटरच्या अंशाचा फरक सापडतो.