हौशी मोटोक्रॉस आणि चिखलशर्यत

मातीच्या, चढउतारांच्या बंदिस्त मार्गावर एकाच वेळी सुटलेल्या अनेक मोटारसायकलींची शर्यत म्हणजे मोटोक्रॉस. आणि पाणी सोडून मुद्दाम तयार केलेल्या लांबट खड्ड्यातून वाहन पार नेण्याची स्पर्धा म्हणजे चिखलशर्यत. आठवडाभर नोकरी किंवा दुकान सांभाळून सुटीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने गाडी उतरवणारे हौशी स्वार हा या दोन्ही खेळांचा पाया आहे. त्यांच्यासाठी राखलेल्या स्थानिक मोटरस्पोर्ट्स पार्कचा विचार येथे इंदूर परिसराच्या, म्हणजे माळव्याच्या काळ्या मातीच्या संदर्भात केला आहे; कारण गाडी कोणतीही असली तरी शर्यत कशी होणार हे आधी माती ठरवते.

मोटोक्रॉसचा उगम इंग्लंडमधील सरे परगण्यात कँबर्ली येथे 29 मार्च 1924 रोजी झालेल्या शर्यतीत मानला जातो. तिथे या प्रकाराला ‘स्क्रँबल’ म्हणत. ‘मोटोक्रॉस’ हे नाव मोटारसायकलसाठीचा फ्रेंच शब्द आणि ‘क्रॉस-कंट्री’ यांच्या जोडणीतून पुढे रूढ झाले. 500 सीसी गटाची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा 1952 मध्ये सुरू झाली व 1957 मध्ये तिला जागतिक दर्जा मिळाला. भारतात मोटरस्पोर्ट्सचे नियमन एफएमएससीआय (फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया) ही संघटना करते आणि तिच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरणाऱ्याला तिचा परवाना घ्यावा लागतो. 2015 मध्ये डकार रॅली ही अनेक दिवस चालणारी खडतर लांब पल्ल्याची शर्यत पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरलेला सी. एस. संतोष हा मूळचा मोटोक्रॉस आणि सुपरक्रॉसमधलाच (म्हणजे स्टेडियममध्ये होणाऱ्या मोटोक्रॉसमधलाच) स्वार होय.

माळव्याचे पठार दख्खनच्या बेसाल्ट खडकाचे आहे आणि त्याच्या झिजेतून इथली काळी माती तयार झाली. या मातीतील चिकणमातीचे प्रमाण मोठे असून मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते व वाळताना आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शर्यतीच्या दृष्टीने तिचा सर्वांत त्रासदायक गुण चिकटपणा हा आहे आणि तो ओलाव्याबरोबर सरळ वाढत जात नाही. अगदी कोरडी माती धुरळा उडवते, पातळ झालेली राड चाकावरून गळून पडते, पण या दोहोंच्या मधल्या ओलाव्यात माती टायरच्या ठोकळ्यांमध्ये, साखळीत आणि मडगार्डखाली थरावर थर चढवत जाते व अखेरीस चाक फिरायचे थांबते. त्यामुळे नवख्या माणसाला उलटे वाटेल, पण काळ्या मातीवर हलकी सर जोरदार पावसापेक्षा अधिक गाड्या बंद पाडते. मोटोक्रॉसला हवी असते ती ओल धरून भुसभुशीत राहिलेली, चाकाला पकड देणारी आणि तरीही न चिकटणारी जमीन. मराठीत या अवस्थेला नवा शब्द शोधावा लागत नाही. पेरणीआधी शेतकरी ज्याची वाट पाहतो तो वाफसा हाच.

मार्ग आखणाऱ्याचे कामही म्हणून बरेचसे शेतकऱ्यासारखे असते. मोटोक्रॉसचा मार्ग साधारणपणे दीड ते दोन किलोमीटर लांबीचा असतो. त्यावर जेसीबीने उड्यांचे उंचवटे, वळणांवर कलत्या भिंतीसारखे बर्म आणि लागोपाठच्या लहान उंचवट्यांच्या रांगा घडवल्या जातात. निव्वळ काळ्या मातीची उडी एका पावसाळ्यात बसते. म्हणून उड्यांच्या पोटात मुरूम दाबून वर मातीचा थर देणे हा या भागात शहाणपणाचा उपाय आहे. शर्यतीपूर्वी मार्ग कुळवासारख्या अवजाराने खोलवर मोकळा करून टँकरने पाणी दिले जाते, तेही वरवर न शिंपडता आदल्या दिवशी मुरवून. हे काम प्रेक्षकाला दिसत नाही, पण चांगले मैदान आणि धोकादायक मैदान यांतला फरक बहुधा इथेच पडतो.

मोटोक्रॉसची खास गाडी सुमारे 100 ते 110 किलो वजनाची असते, तिला दिवे नसतात आणि सस्पेन्शनची हालचाल सुमारे 300 मिलिमीटर असते. हौशी मंडळी मात्र बहुधा हीरो एक्सपल्ससारख्या रस्त्यावरच्या गाडीवर शिकतात आणि ते योग्यच आहे. चिखलात स्वाराने वजन थोडे मागे ठेवावे, पुढचा ब्रेक जपून वापरावा, थ्रॉटल झटक्याने न देता एकसारखा ठेवावा आणि एकदा धरलेली चाकोरी शेवटपर्यंत सोडू नये. चाकोरी मध्येच बदलू पाहणारा पडतो. रेडिएटरच्या जाळीत चिखल बसून इंजिन तापते, तर अर्धवट दाबून धरलेला क्लच जळतो. इंजिनखालच्या पोकळीत स्पंज भरून माती साचू न देण्याची युक्ती अनुभवी स्वार वापरतात. गॉगलवर एकावर एक लावलेल्या पातळ पारदर्शक पट्ट्या ते धावता धावता फाडून टाकतात.

चिखलशर्यतीत जीप, जिप्सी व थार यांसारखी चारचाकी वाहने अधिक दिसतात. निकाल खड्डा पार करण्याच्या वेळेवर लागतो आणि कोणीच पलीकडे पोहोचले नाही, तर गाठलेल्या अंतरावर. टायरमधली हवा कमी केल्याने त्याचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो, पण फार कमी केली तर टायर रिमवरून निसटतो. खरा धोका गाडी रुतल्यानंतर सुरू होतो. ताणलेला पट्टा किंवा वायररोप तुटल्यास तो माणसाला जायबंदी करू शकतो. म्हणून ओढण्याच्या वेळी प्रेक्षकांना दोरीच्या लांबीपेक्षा दूर उभे करणे हा नियम कोणाच्याही भिडेखातर मोडता कामा नये.

इंदूरजवळच्या पिथमपूर येथे वाहनांच्या चाचण्यांसाठी नॅट्रॅक्स हे केंद्र असून तिथला 11.3 किलोमीटरचा वेगवान मार्ग 2021 मध्ये खुला झाला. ते हौशींचे मैदान नव्हे, पण या भागाचे वाहनांशी असलेले नाते त्यातून दिसते. पिथमपुरात बजाज टेंपो आणि कायनेटिक होंडा यांचे कारखाने निघाले, तेव्हा होळकरकाळापासून मराठी वस्ती असलेल्या इंदूरचे पुण्याच्या उद्योगांशी नवे नाते जुळले. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 189 नुसार गुन्हा आहे. त्यामुळे बंदिस्त मैदान ही चैन नसून, वेगाची ओढ असलेल्या तरुणांना रस्त्यावरून आत आणण्याची ती खरी जागा आहे. मैदानात हेल्मेट, छातीचे व गुडघ्याचे संरक्षक आणि उंच बूट यांच्याशिवाय कोणालाही सोडू नये. पिवळा झेंडा हलला की ओलांडणे व उडी घेणे बंद, लाल झेंड्याला शर्यत थांबवायची, निळा दिसला की मागून येणाऱ्या पुढच्या फेरीतल्या स्वाराला वाट द्यायची, एवढे सरावाच्या पहिल्याच दिवशी शिकवले जाते. रुग्णवाहिका मैदानात नसेल तर सरावही सुरू करू नये.

शर्यत संपल्यावर चाकोऱ्या तशाच राहू दिल्यास काळी माती दोनतीन उन्हांत विटेसारखी कडक होते आणि पुढच्या आठवड्यात त्याच चाकोऱ्यांत पुढचे चाक अडकून मनगटे मोडतात. म्हणून गाड्या परतल्यावर, माती वाफशावर येताच, वाळण्याआधी मार्गावर पुन्हा कुळव फिरवावा लागतो.