मोहरीच्या मधाचे मधपेटीतील गोठणे

मोहरीवर्गीय तेलबियांच्या फुलोऱ्यावरचा मध पोळ्यातच, कधीकधी कप्प्यांवर मेणाची झाकणे चढण्याआधीच, दाणेदार होऊन घट्ट बसतो. व्यवहारात यालाच मधाने साखर धरली किंवा मध थिजला असे म्हणतात. नागपूर परिसरात मोहरी रब्बीत पेरली जाते आणि डिसेंबर-जानेवारीत, ऐन थंडीत फुलते. तिच्या पाठोपाठ काटोल-नरखेडच्या बागांत संत्र्याचा आंबिया बहार येतो. या दोन फुलोऱ्यांच्या सांध्यावर पेटी कशी हाताळली, यावर दोन्ही मधांची प्रत ठरते.

या मधावरील बहुतेक संशोधन युरोप व कॅनडात ब्रासिका नॅपस (रेपसीड, कॅनोला) या जातीवर झाले आहे. भारतात मात्र मुख्यत्वे ब्रासिका जुन्सिया, म्हणजे आपली मोहरी वा राई, घेतली जाते. म्हणून नॅपसच्या मधाचे आकडे जुन्सियाला लावताना सावधगिरी हवी. गोठण्याची घाई मात्र दोन्ही मधांत सारखीच दिसते.

या घाईचे मूळ मकरंदात आहे. मोहरीवर्गीय फुलांच्या मकरंदात उसाची साखर जवळजवळ नसते. ग्लुकोज व फ्रुक्टोज असतात आणि त्यांत ग्लुकोजचा वाटा मोठा असतो. फ्रुक्टोज पाण्यात सहज विरघळलेले राहते, ग्लुकोज मात्र अतिसंपृक्त (मावेल त्यापेक्षा जास्त साखर विरघळलेल्या) द्रावणातून एक पाण्याचा रेणू धरून स्फटिकरूपाने बाहेर पडते. गोठण्याचा अंदाज बांधण्यासाठी पूर्वी फ्रुक्टोज-ग्लुकोज गुणोत्तर वापरत. १९६२ मध्ये व्हाइट व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ४९० नमुन्यांच्या विश्लेषणातून ग्लुकोज-पाणी गुणोत्तर अधिक भरवशाचे ठरवले : १.७ पर्यंत मध पातळ राहतो, २.१ च्या वर झपाट्याने गोठतो. प्रत्यक्ष कामासाठी हे दुसरे माप अधिक उपयुक्त वाटते, कारण पाण्याचे प्रमाण मधपाळाला साध्या अपवर्तनमापकाने (रिफ्रॅक्टोमीटरने) स्वतः पाहता येते. गोठण्यास सर्वांत अनुकूल तापमान १४ अंश सेल्सिअसच्या आसपासचे. पिलांच्या कोठीत माश्या ३४–३५ अंश राखतात, त्यामुळे तिथला मध तग धरतो. वरच्या मधकोठीच्या कडेच्या चौकटींना ही ऊब पोचत नाही, आणि नागपुरात जानेवारीच्या रात्री पारा अनेकदा १० ते १४ अंशांत असतो.

म्हणून मोहरीवर मध काढण्याची वेळ महत्त्वाची. चौकट आडवी धरून हिसका दिला असता थेंब उडाले तर मध कच्चा. थेंब न उडता तीनचतुर्थांश कप्पे बंद झाले असतील तर ती काढावी. सर्व कप्पे बंद होण्याची वाट पाहणे इतर फुलोऱ्यांवर शहाणपणाचे, मोहरीवर तोट्याचे. उतरवलेल्या चौकटी रात्रभर गारठ्यात न ठेवता माश्यांची ऊब असतानाच मध काढण्याच्या यंत्रात फिरवाव्यात. गोठलेली चौकट उन्हासमोर धरली की लगेच ओळखू येते : पातळ मधाच्या कप्प्यांतून उजेड आरपार येतो, गोठलेले कप्पे पांढुरके व अपारदर्शक दिसतात. अशी चौकट यंत्रात घातली तर मध सुटत नाही, पोळे मात्र फाटते. एकाच कोठीच्या पेट्यांत पिलांच्या चौकटींतूनच मध काढण्याची पद्धत देशात रूढ आहे. तिच्यात अळ्या मरतात व मध गढूळ होतो. वेगळी मधकोठी ठेवणेच योग्य.

गोठलेल्या चौकटींची झाकणे खरवडून कोमट पाणी शिंपडावे व त्या त्याच वसाहतीला परत द्याव्यात. पाणी मिळाले नाही तर माश्या दाणे पेटीच्या तळावर टाकून देतात. पोळे कापून गरम पाण्यातील भांड्यात वितळवणे हा दुसरा उपाय. मेण वर तरंगते, पण मधाचा स्वाद उतरतो. नुसत्या उबदार खोलीत ठेवून भागत नाही, दाणे विरघळण्याआधीच मेण मऊ होऊन पोळे ढासळते. चौकटींत उरलेले बारीक स्फटिक पुढच्या मधाला विरजणासारखे लागतात. एरवी बऱ्याच उशिरा गोठणारा संत्र्याचा मधही मग लवकर दाणेदार होतो. त्यामुळे आंबिया बहारापूर्वी रिकाम्या चौकटी माश्यांकडून चाटून स्वच्छ करून घेणे अत्यावश्यक आहे.

स्फटिक बनताना उरलेल्या द्रवात पाण्याचा अंश वाढतो व किण्वे (यीस्ट) आंबवण सुरू करतात. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लॉकहेड यांच्या १९३३ मधील निष्कर्षानुसार १७.१ टक्क्यांखाली पाणी असलेला मध वर्षभर आंबत नाही. भारतीय मानकांत २० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. मोहरीच्या मधाला ती फार सैल पडते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की डब्यातील मध अर्धवट विरघळतो, वर पातळ थर येतो आणि आंबण्याचा धोका वाढतो. दीर्घ उष्णतेने हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल हे साखरेच्या विघटनातून बनणारे रसायनही वाढते. त्याची भारतीय मर्यादा किलोमागे ८० मिलिग्रॅम आहे.

गोठलेला मध भेसळीचा, हा ग्राहकांचा समज निराधार आहे. मधतज्ज्ञ डाइस यांनी १९३५ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत हाच गुण कामी लावला जातो : तापवून, गाळून थंड केलेल्या मधात सुमारे १० टक्के बारीक दाण्याचा मध घोटतात व १४ अंशांवर आठवडाभर ठेवतात. लोण्यासारखा मऊ ‘क्रीम’ मध असा तयार होतो, आणि मोहरीचा मध त्यासाठी विशेष योग्य ठरतो.