गाठ उजळते, पण पेशी नव्हे

परळला एमआरआय सेंटरच्या खिडकीवर फाइल सरकवली की दोन प्रश्न येतात : ‘साधा की कॉन्ट्रास्टचा?’ आणि ‘क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणलाय का?’ कॉन्ट्रास्ट म्हणजे चित्रातला काही भाग उजळवणारं इंजेक्शन; क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी. या दोन्ही प्रश्नांमागे मोठा इतिहास आहे.

त्याची सुरुवात पाण्यापासून होते. गाठीतल्या पाण्याचा चुंबकीय संकेत निरोगी ऊतीपेक्षा सावकाश विरतो, हे १९७१ साली रेमंड डमेडियन यांनी उंदरांच्या गाठींवर दाखवलं. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी अशा संकेतांतून चित्र काढलं. यातला मुंबईचा धागा त्याहून जुना आहे. स्टॅनफर्डला १९५१ साली अल्कोहोलच्या संकेतात तीन वेगळ्या रेषा दाखवणाऱ्या तिघांपैकी एक, एस. एस. धर्मट्टी, पुढे मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत आले आणि एनएमआरची, म्हणजे याच चुंबकीय संकेतांच्या अभ्यासाची, प्रयोगशाळा त्यांनी उभी केली.

कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनात असतो गॅडोलिनियम हा धातू; जवळच्या पाण्याचा संकेत तो उजळवतो. पण सुटा असला तर विषारी. म्हणून तो डीटीपीए नावाच्या रेणूच्या पकडीत बांधला आणि १९८८ पासून त्याचं इंजेक्शन रुग्णांना मिळू लागलं. पण हे औषध कॅन्सरच्या पेशी ओळखत नाही. गाठीच्या नव्या, कच्च्या रक्तवाहिन्यांतून ते झिरपतं आणि तेवढा भाग उजळतो. जंतुसंसर्गाची सूजही तशीच उजळते. उलट, स्वतःच्या रक्तवाहिन्या अजून न वाढलेली बारीक गाठ अंधारातच राहू शकते. लवकर निदानाची खरी अडचण इथेच आहे.

क्रिएटिनिनचा प्रश्न आला २००६ नंतर. किडनी निकामी झालेल्या काही रुग्णांची त्वचा दगडासारखी कडक होऊ लागली आणि त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जुळला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २००० सालचा प्रयोग. थॉमस मीड आणि सहकाऱ्यांनी गॅडोलिनियमवर साखरेच्या रेणूचं झाकण बसवलं. झाकण असेपर्यंत पाणी धातूपर्यंत पोचत नाही, म्हणून संकेत मंद. ठरावीक एन्झाइम भेटलं की झाकण तुटतं आणि ती जागा उजळते. जिवंत बेडकाच्या गर्भात हे दिसलं. पेशीच्या आत काय चाललंय ते औषधच सांगू लागलं!

मग माणसात का नाही? एमआरआयला दिसायला गॅडोलिनियम पुष्कळ लागतो आणि तो जिथे चिकटवायचा त्या पेशीवरच्या खुणा असतात मोजक्या. एका कणावर हजारो अणू लादले तर तो कण यकृतात अडकतो.

म्हणून काहींनी धातूच सोडला. पायरुव्हेट या, पेशीत साखरेपासून तयार होणाऱ्या रेणूतल्या कार्बनचा संकेत दहा हजार पटींहून वाढवून गाठीचा चयापचय बघायचा, ही वाट २०१३ मध्ये प्रोस्टेटच्या रुग्णांपर्यंत पोचली. पण तो संकेत दोन-तीन मिनिटांत विझतो, त्यामुळे औषध स्कॅनरच्या शेजारीच तयार करावं लागतं.