पाठीवरचे इंजिन आणि हवेत रेंगाळणारा थेंब

पिकावर कीटकनाशक मारायचा इंजिनाचा फवारा पाठीवर घेतलेल्या माणसाला विचारा, यात धोका कशाचा? तो पेट्रोलचे नाव घेईल, तापलेल्या सायलेन्सरचे घेईल. चूक नाही. पण मला या यंत्रातली सर्वांत जपण्याजोगी गोष्ट वाटते ती नळीतून निघणारा थेंब. तो बऱ्याचदा दिसतही नाही.

हातपंपात दाबाखालचे द्रावण नोझलच्या छिद्रातून फुटते. पंख्याच्या इंजिन-फवाऱ्यात हे काम हवा करते. नळीच्या तोंडाशी तिचा वेग सेकंदाला 60 ते 90 मीटरपर्यंत असतो आणि द्रावणाची धार त्या झोतात फाटून जाते. हातपंपाचे थेंब साधारण 200 ते 400 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर याचे 50 ते 150 च्या आसपास. व्यास निम्मा झाला की एका थेंबाचे आठ होतात, त्यामुळे थोड्या पाण्यात पाने दोन्ही बाजूंनी झाकली जातात.

पण थेंब लहान झाला की तो खाली यायचे नाव घेत नाही. पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे घटतो. तीन मीटर उंचीवरून 100 मायक्रॉनचा थेंब साधारण 11 सेकंदांत जमिनीवर येतो, तर 20 मायक्रॉनच्या थेंबाला चार मिनिटे लागतात. ताशी 7 किलोमीटरची झुळूक असली तर तेवढ्या वेळात पहिला वीसेक मीटर सरकतो, दुसरा जवळजवळ अर्धा किलोमीटर. शिवाय कोरड्या हवेत थेंब वाटेतच सुकून आणखी बारीक होतो.

मग वारा अजिबात नसलेली पहाट उत्तम, असे कुणालाही वाटेल. ती नेहमी तशी नसते. रात्रभर जमीन थंड झालेली असते, खाली गार आणि वर उबदार हवा असा उलटा थर बसतो आणि फवाऱ्याचे बारीक धुके त्याखाली अडकून आडवे सरकत राहते. धूर सरळ वर न जाता चादरीसारखा पसरत असेल, तर थांबावे. हलका पण एकाच दिशेचा वारा बरा. वारा जिकडे जातो त्या टोकाच्या ओळीपासून सुरुवात करून एकेक ओळ वाऱ्याच्या उगमाकडे सरकावे, म्हणजे धुके आपल्यापासून दूर जाते आणि ओल्या पानांतून चालावे लागत नाही. नळी समोर डावी-उजवी फिरवत पुढे जाण्याची सवय तर मोडायलाच हवी. आपण आपल्याच धुक्यात शिरतो.

पाणी कमी वापरतो म्हणजे टाकीतले द्रावणही हातपंपापेक्षा कितीतरी तीव्र असते. (विषाला आपण सरसकट 'औषध' म्हणतो, ही भाषेने केलेली फसवणूकच.) अशा टाकीच्या झाकणाचा वायसर गळका असेल तर ते सरळ पाठीवर झिरपते. बऱ्याच यंत्रांत पंख्याचीच हवा टाकीत दाब धरते, त्यामुळे इंजिन चालू असताना झाकण उघडू नये. बंद करतानाही आधी द्रावणाची तोटी, मग इंजिन. तोटी उघडी राहिली तर द्रावण पंख्याच्या घरात उतरते.

त्वचा सगळीकडे सारखी शोषत नाही. 1971 साली पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या अभ्यासात कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळाने चौपट, कानाच्या पोकळीने पाचपटीहून जास्त, तर अंडकोषाच्या त्वचेने जवळजवळ बारापट विष आत घेतले. घाम पुसायला हातमोज्यासकट कपाळावर फिरवलेला हात किंवा मांड्यांपर्यंत भिजलेली विजार किती महागात पडते, ते यावरून कळावे. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की विष नाकाशीच धरून ठेवतो. वाफ अडवायला कोळशाच्या गाळणीचा मास्क लागतो.

इंजिनाचे नियम सोपे आहेत. यंत्र जमिनीवर ठेवूनच दोरी ओढायची, बंद खोलीत कधीच नाही, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोल उणे 40 अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, तेव्हा इंजिन निवल्यावर, पाठीवरून उतरवून मगच भरायचे. आवाज 100 डेसिबलचा असेल, तर उघड्या कानांना दिवसात 15 मिनिटेच सोसतो. कानात बोळे हवेत. भरलेले यंत्र वीस-बावीस किलोंच्या पुढे जाते, म्हणून पाळी बदलत राहावी.

दमल्या अंगाचा एक घोटाळा उरतोच. घाम, मळमळ, डोकेदुखी ही उन्हाचीही लक्षणे आणि ऑर्गॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेचीही. पण विषबाधेत डोळ्यांच्या बाहुल्या बहुधा टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ सुटते, स्नायू फडफडतात. तेव्हा सावलीत पडून बरे वाटण्याची वाट पाहायची नाही. भिजलेले कपडे उतरवायचे, साबणाने अंग धुवायचे आणि डब्यावरचे लेबल सोबत घेऊन दवाखाना गाठायचा.