सुरुवातीची इस्लामी नाणी आणि त्यांचा अभ्यास

पैगंबरांचं निधन 632 साली झालं आणि दमास्कसहून राज्य करणाऱ्या उमय्या या खलिफांच्या घराण्याची सत्ता 750 मध्ये गेली. या शे-सव्वाशे वर्षांत अरबांच्या राज्यात जी नाणी पाडली गेली ती आणि त्यांच्यावरून इतिहास कसा लावतात, हा या नोंदीचा विषय. वरवर बघता हा नाणी जमवणाऱ्या हौशी लोकांचा प्रांत वाटतो, पण तसं नाहीये, सुरुवातीच्या इस्लामी इतिहासातले बरेच वाद शेवटी येऊन नाण्यांपाशीच अडतात.

कारण साधं आहे. या काळाबद्दल अरबीत लिहिलेले मोठे ग्रंथ खूप उशिराचे आहेत. पैगंबरांचं चरित्र लिहिणारा इब्न इसहाक साधारण 767 च्या सुमारास वारला आणि त्याचं पुस्तकही मुख्यतः इब्न हिशामने नंतर कापून-छाटून केलेल्या आवृत्तीतूनच आपल्यापर्यंत आलंय. इतिहासकार बलाधुरी गेला 892 मध्ये, तबरी 923 मध्ये. म्हणजे घटना घडून दोन-दोन, अडीच-अडीचशे वर्षं झाल्यावर लिहिलेलं. आपल्याकडे बखर विरुद्ध अस्सल कागद हा वाद राजवाड्यांपासून चालत आलाय ना, अगदी तोच प्रकार. बखर खोटीच असते असं नाही, पण तिच्या शेजारी त्याच दिवशीचं पत्र ठेवता आलं तर बरं. इथे ते पत्राचं काम नाणी, शिलालेख आणि इजिप्तमधले पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे लेख, करतात.

पपायरसचा एकच नमुना सांगतो. हिजरी 22, म्हणजे 643 सालची, ग्रीक आणि अरबी अशा दोन्ही भाषांतली एक पावती आज व्हिएन्नात आहे. कशाची पावती, तर अरब फौजेने गावकऱ्यांकडून घेतलेल्या 65 मेंढ्यांची, आधी पन्नास आणि मग आणखी पंधरा. पैगंबरांना जाऊन जेमतेम अकरा वर्षं झालेली, नवं साम्राज्य उभं राहतंय, आणि हातात कागद येतो तो मेंढ्यांच्या हिशेबाचा. मला तरी हे कुठल्याही लढाईच्या वर्णनापेक्षा जास्त खरं वाटतं.

आता नाणी. अरबांनी इराण आणि सीरिया जिंकले तेव्हा लगेच स्वतःची नाणी काढली असतील असं आपण धरून चालतो, पण तसं झालं नाही. इराणात आधीच्या सासानी घराण्याच्या राजांचं चांदीचं नाणं चालायचं, एका बाजूला पंखांचा मुकुट घातलेला राजा आणि दुसऱ्या बाजूला अग्निवेदी, तिच्या दोन बाजूंना दोन रखवालदार. शेवटचा सासानी राजा यज्दगर्द 651 मध्ये मारला गेला तरी त्याच टाकसाळी, तेच कारागीर आणि तोच छाप चालू राहिला, फक्त कडेला कुफी, म्हणजे जुन्या कोनदार अरबी अक्षरांत बारीकसं ‘बिस्मिल्लाह’ आलं. म्हणजे मुसलमान सुभेदाराच्या नाण्यावर झोराष्ट्री अग्निवेदी, आणि त्या सुभेदाराचं नावसुद्धा पहलवी या जुन्या इराणी लिपीत! पहिला उमय्या खलिफा मुआविया याचं इराणातल्या दाराबगिर्दचं एक नाणं आहे, त्यावर त्याची पदवीही पहलवीतच लिहिलीय. सीरियात तर तांब्याच्या नाण्यांवर बायझंटाईन (कॉन्स्टँटिनोपलचा ख्रिस्ती रोमन) सम्राट, क्रॉससकट. क्रॉस काढायला गेलं तर काय व्हायचं तेही कळतं. सिरियाक या तिथल्या जुन्या भाषेतल्या एका ख्रिस्ती बखरीत लिहिलंय की मुआवियाने सोन्या-चांदीची नाणी पाडली पण त्यांच्यावर क्रॉस नव्हता म्हणून लोकांनी ती घेतली नाहीत. बाजाराला धर्माशी घेणंदेणं नसतं, ओळखीच्या छापाशी असतं.

मोठी कलाटणी आली ती मुसलमानांच्या आपापसातल्या यादवीत. एकीकडे दमास्कसला उमय्या खलिफा अब्द अल-मलिक (राज्यकाळ 685 ते 705), दुसरीकडे मक्केत स्वतःला खलिफा म्हणवणारा अब्दुल्ला इब्न अल-जुबैर. आणि ‘मुहम्मद रसूल अल्लाह’ (मुहम्मद अल्लाचा प्रेषित) हे शब्द असलेलं सगळ्यात जुनं साल घातलेलं नाणं कुणाचं निघालं, तर इब्न अल-जुबैरच्या बाजूच्या सुभेदाराचं, इराणातल्या बिशापूरचं, हिजरी 66 चं (685-86). यावरून काही अभ्यासक फार पुढे गेले, म्हणाले त्याआधी नाण्यावर पैगंबरांचं नाव नाही म्हणजे धर्माचं स्वरूपच अजून ठरलं नव्हतं. हे मला पटत नाही. नाणं गप्प आहे म्हणून माणसं गप्प होती असं कसं म्हणायचं, उद्या आपल्या रुपयावरून कुणी आपला धर्म ठरवायला बसला तर? पण इतकं मात्र खरं की दोन खलिफा भांडायला लागल्यावर धर्माचं वाक्य सरकारी छापावर आलं, आणि एकदा आलं ते गेलं नाही.

इब्न अल-जुबैर 692 मध्ये पडला. त्याच सुमाराला, हिजरी 72 मध्ये, अब्द अल-मलिकने जेरुसलेमला कुब्बत अस-सखरा (डोम ऑफ द रॉक ही घुमटाची इमारत) बांधून घेतला, ज्यात मोझाइकमध्ये सुमारे 240 मीटर लांबीचा लेख आहे. पुढे, उमय्यांनंतर आलेल्या अब्बासी घराण्यातल्या खलिफा मामूनच्या काळात त्यातलं अब्द अल-मलिकचं नाव काढून तिथे मामूनचं नाव दाटीवाटीने बसवलं, पण साल बदलायचं राहिलं! त्यामुळे मामूनने जन्माआधी जवळजवळ शंभर वर्षं इमारत बांधली असं ती भिंत आजही सांगते.

नाण्यांवर आधी प्रयोग झाले. हिजरी 74 ते 77 या दरम्यान सोन्याच्या दिनारवर खुद्द खलिफा उभा आहे, लांब केस, दाढी, हात तलवारीच्या मुठीवर. मागच्या बाजूला बायझंटाईन नाण्यावरच्या पायऱ्या तशाच, पण पायऱ्यांवरच्या क्रॉसची आडवी दांडी गायब, नुसता खांब उरलाय. याच काळात तिकडे सम्राट दुसरा जस्टिनियन पहिल्यांदाच नाण्यावर येशूचा चेहरा घालत होता, आता कोणी कोणाला उत्तर दिलं यावर अजून वाद चालू आहे. बलाधुरीची गोष्ट वेगळी आहे. तो म्हणतो की इजिप्तमधून बायझंटाईनांकडे जाणाऱ्या पपायरसच्या गुंडाळ्यांवर ख्रिस्ती मजकूर असायचा, अब्द अल-मलिकने तिथे कुराणातलं वचन घातलं, सम्राट चिडला आणि म्हणाला हे थांबवा नाहीतर आमच्या दिनारवर तुमच्या पैगंबरांबद्दल नको ते छापीन, तेव्हा खलिफाने सल्ला घेऊन स्वतःचंच सोनं पाडायला घेतलं. गोष्ट झकास आहे, घडली असेल तशीच असं मात्र नाही, कारण नाणी सांगतात की बदल एका रागाच्या भरात नाही तर चार-पाच वर्षं चाचपडत झाला.

हिजरी 77 मध्ये (696-97) चित्र पूर्णच गेलं. मधे तीन ओळी, ‘अल्लाखेरीज ईश्वर नाही, तो एकच, त्याला भागीदार नाही’, मागे ‘त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही’, कडेने गोल फिरणारा मजकूर, आणि खलिफाचं नावसुद्धा नाही. राजाचं नाव नसलेलं सोन्याचं नाणं, विचार करा. वजनही उतरवलं, बायझंटाईन नाणं साडेचार ग्रॅमच्या आसपास, हे सव्वाचार. दोन वर्षांनी चांदीचा दिरहमही असाच झाला, सुमारे 2.9 ग्रॅमचा. पण यावरून इस्लामने चित्रच बंद केलं असा निष्कर्ष काढू नका, उमय्या राजपुत्राने जॉर्डनच्या वाळवंटात बांधलेल्या कुसैर अम्राच्या भिंतींवर शिकारी, नर्तकी, आंघोळ करणाऱ्या बायका सगळं आहे. बंदी बसली ती नाण्यावर.

त्या दिनारच्या कडेला साल आकड्यात नाही, शब्दांत आहे, ‘सनत सबा व सबईन’, म्हणजे साल सात आणि सत्तर. मोडी कागद वाचणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल, कारण पेशवाईतल्या पत्रांवरचा शुहूर सनही असाच अरबी शब्दांत लिहिलेला असतो, ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे 1177. एका सोन्याच्या तुकड्यावरचे शब्द हजार वर्षांनी पुण्याच्या दफ्तरात! वाचायला मात्र जाम त्रास. त्या अक्षरांना सहसा नुक्ते (अक्षरं ओळखायचे ठिपके) नाहीत, आणि नुक्त्यांशिवाय अरबीत ‘सबा’ (सात) आणि ‘तिसा’ (नऊ) दोन्ही एकसारखेच दिसतात, चार दात आणि मग शेवटचं अक्षर. कधीकधी एखादा दात जरा उंच असतो, त्यावरून ठरवायचं. सबईन आणि तिसईनचं तेच, म्हणजे 77 की 97 हे अक्षरांच्या वळणावरून सांगावं लागतं. जुन्या इराणी नाण्यांवर याहून गोंधळ, तिथे साल कधी हिजरी, कधी यज्दगर्दच्या राज्यारोहणापासून, तर कधी त्याच्या मृत्यूपासून मोजलेलं.

दिरहमवर टाकसाळीच्या गावाचं नाव असायचं, दिमश्क, वासित, बसरा वगैरे, त्यामुळे चांदी कुठून कुठे गेली ते कळतं. पुढच्या शतकांत ती फार लांब गेली. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर 1999 मध्ये स्पिलिंग्स इथे 67 किलो चांदी सापडली, त्यात चौदा हजारांवर नाणी आणि बहुतेक सगळी दिरहम. त्यातच खजर या ज्यू धर्म घेतलेल्या तुर्की लोकांच्या एका नाण्यावर ‘मुहम्मद’च्या जागी ‘मूसा (मोझेस) रसूल अल्लाह’ आहे. आणि इंग्लंडात मर्सियाच्या ऑफा राजाने हिजरी 157 चा (773-74) दिनार हुबेहूब उतरवून मधे स्वतःचं नाव टाकलं, अरबीच्या हिशेबाने उलटं. काय लिहिलंय हे कारागिराला माहीत नसणार हे उघड आहे.

पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियममध्ये स्टॅन्ली लेन-पूलच्या सूचींनी मार्गाला लागला, मग जॉन वॉकरच्या 1941 आणि 1956 च्या दोन सूची आल्या, ज्या अजूनही हाताशी लागतात. जर्मनीत ट्यूबिंगेन विद्यापीठातही याचं मोठं केंद्र आहे. आता मुख्य काम ठशांचं, म्हणजे दोन नाणी एकाच ठशातून पाडलीत का हे फोटो शेजारी ठेवून बघायचं. अडचण बाजाराची, लिलावात येणारं नाणं कुठल्या जमिनीतून निघालं ते कुणी सांगत नाही, आणि ते गेलं की अर्धी माहिती गेलीच.

आपल्याकडचा धागाही चांदीचाच आहे. ग्रीक द्राख्मापासून फारसीतून दिरहम झालं, तसंच आपल्याकडे द्रम्म झालं आणि त्याचं पुढे दाम. त्या सासानी छापाची आपल्याकडची वंशावळ म्हणजे गधैया नाणी, ज्यांवर राजाचा चेहरा झिजत झिजत नुसत्या रेघा आणि ठिपके उरले आणि अग्निवेदीची शिडी झाली. अरबांनी तो छाप हिजरी 79 च्या सुमाराला सोडला, पण कोकणच्या शिलाहार छित्तराजाने अकराव्या शतकात आपलं नाव घातलं ते त्याच छापावर.